कर्नल अद्ययावत केल्यानंतर उद्भवणाऱ्या हार्ड डिस्कच्या अडचणी : कारणमीमांसा व उपाय

बीजसंज्ञा : लिनक्स, कर्नल, हार्ड डिस्क, फाईल प्रणाली, महाविद्यालयीन नोंदी, बॅकअप

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ग्रामीण महाविद्यालयांचा कारभार कागदावरून संगणकावर आला. ग्रंथालयातील ग्रंथांच्या नोंदी, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, नॅकसाठी वर्षानुवर्षे जमविलेली कागदपत्रे, प्राध्यापकांची संशोधनविषयक टिपणे हे सारे आता एखाद्या खोलीच्या कोपऱ्यातील संगणकावर साठविलेले असते. परवाना शुल्क नसल्यामुळे अनेक ठिकाणी या संगणकावर लिनक्स कार्यप्रणाली वापरली जाते. ग्रंथालयासाठी वापरले जाणारे 'कोहा' हे मुक्त सॉफ्टवेअर तर बहुधा डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवरच चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीसुद्धा डेबियनवरच आधारलेली आहे.

अशा संगणकावर एके दिवशी 'अद्यतने उपलब्ध आहेत' अशी सूचना येते, ती स्वीकारली जाते, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याचा संदेश उमटतो. मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी जाणकार तंत्रज्ञ बऱ्याचदा सोलापूर किंवा पंढरपूरहून बोलवावा लागतो. तो येईपर्यंत कोणीतरी उत्साही व्यक्ती 'सगळे पुसून नव्याने टाकू' असा सल्ला देते, आणि खरे नुकसान बहुधा त्या क्षणी होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कर्नल अद्ययावत केल्यानंतर डिस्क 'दिसत नाही' तेव्हा बहुसंख्य प्रसंगी डिस्कवरील माहिती जागच्या जागी सुरक्षित असते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बदललेली असते. म्हणून दुरुस्तीची घाई करण्यापूर्वी दोष वाटेत आहे की डिस्कमध्ये, याचा निवाडा करणे अगत्याचे ठरते. ज्या थोड्या प्रसंगी माहिती खरोखरच धोक्यात असते, त्यांची लक्षणेही वेगळी असतात.

ज्वारीच्या पट्ट्यातील वाचकांना पेवाचा दाखला चटकन पटेल. जमिनीखालील पेवात धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. ज्याने पेव भरले तो कारभारी बदलला आणि नव्या माणसाला तोंडाची जागा ठाऊक नसली, म्हणून धान्य नाहीसे होत नसे. मात्र अंदाजाने कुदळ चालविली, तर पेव ढासळून धान्याची माती होण्याचा संभव असे. नवा कर्नल हा असाच नवा कारभारी होय.

कर्नलचे स्वरूप :

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. (सैन्यातील कर्नलशी या शब्दाचा काही संबंध नाही; देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, एवढेच.) लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगभरातील प्रोग्रामरांच्या सहभागाने त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

वापरकर्ता हार्ड डिस्कशी थेट कधीच बोलत नाही. प्राध्यापकाने लेख लिहून 'साठवा' म्हटले की ती विनंती कर्नलकडे जाते आणि कर्नलच्या आत ती तीन थरांतून खाली उतरते. पहिला थर फाईल प्रणालीचा. फाईलचे नाव काय, ती कोणत्या निर्देशिकेत आहे, तिचे तुकडे डिस्कवर कोठे कोठे आहेत हा हिशेब तो ठेवतो. लिनक्सवर हे काम बहुधा 'एक्स्ट-४' ही फाईल प्रणाली करते. दुसरा थर ब्लॉक थर म्हणून ओळखला जातो. लिहिण्या-वाचण्याच्या विनंत्या रांगेत लावणे आणि शेजारशेजारच्या विनंत्या एकत्र करणे हे त्याचे काम. तिसरा थर ड्रायव्हरचा, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या दुभाषाचा. कर्नल बदलतो तेव्हा हे तिन्ही थर एकदमच बदलतात. अडचण आल्यावर ती कोणत्या थरातील आहे हे ओळखता आले की निम्मे काम झाले असे समजावे.

येथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगितली पाहिजे. नवा कर्नल जुन्याची जागा घेत नाही, तो त्याच्या शेजारी येऊन बसतो. 'बूट' या निर्देशिकेत जुना व नवा असे दोन्ही कर्नल राहतात. रेड हॅट परिवारातील वितरणे सामान्यतः तीन कर्नल ठेवतात. डेबियन व उबुंटू यांमध्येही आधीचा कर्नल लगेच काढला जात नाही. ही सोय निर्मात्यांनी अशाच प्रसंगासाठी ठेवलेली आहे, परंतु नेमक्या प्रसंगी तिची आठवण फार थोड्यांना होते.

संगणक सुरू होताना :

वीज दिल्यावर प्रथम जागे होते ते मुख्य मंडलावरील फर्मवेअर, ज्याला बायोस किंवा नव्या संगणकांत यूईएफआय म्हणतात. ते 'ग्रब' या छोट्या प्रोग्रामला हाक मारते. ग्रब कर्नलची यादी दाखवितो, निवडलेला कर्नल डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवतो आणि त्याच्यासोबत आणखी एक गाठोडे ठेवतो. त्याचे नाव 'इनिट-रॅम-एफएस'. मुख्य फाईल प्रणाली उघडण्यासाठी लागणारे ड्रायव्हर या गाठोड्यात बांधलेले असतात. कर्नल ते सोडतो, त्यातील ड्रायव्हरच्या साहाय्याने डिस्क ओळखतो, मूळ फाईल प्रणाली जोडतो, आणि मग पुढचा संगणक उभा राहतो.

या क्रमात निदानाची एक किल्ली दडलेली आहे. ग्रब डिस्क वाचतो ती फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल वाचतो तो स्वतःच्या ड्रायव्हरने. ग्रबची यादी पडद्यावर आली, कर्नल सुरूही झाला आणि त्यानंतर 'डिस्क सापडत नाही' असा संदेश आला, तर ज्या डिस्कवरून हा कर्नल क्षणापूर्वी वाचला गेला ती डिस्क बव्हंशी जिवंत आहे, हे उघड आहे. उलटपक्षी फर्मवेअरच्या पडद्यावरच डिस्कचे नाव दिसत नसेल, तर कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही. तेथपर्यंत कर्नलची पाळी आलेलीच नसते. अशा वेळी केबल, वीजपुरवठा आणि स्वतः डिस्क यांकडे पाहावे.

वाट हरविण्याची कारणे :

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अर्धवट बांधलेले गाठोडे. 'बूट' निर्देशिकेसाठी जुन्या संगणकांवर दोन-तीनशे मेगाबाइटचे वेगळे पार्टिशन ठेवलेले असते. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तेथे कित्येक मेगाबाइटची भर पडते, आणि एक दिवस जागा संपते. कर्नल लिहिला जातो, पण गाठोडे अपुरे राहते. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही, तरी तोच परिणाम होतो. मग संगणक सुरू होताना कर्नल थबकतो आणि मूळ फाईल प्रणाली जोडता येत नसल्याचा संदेश देतो. या संदेशाच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, परंतु सगळा अर्थ त्यांतच असतो. दोन्ही आकडे शून्य असतील, तर कर्नलला मूळ पार्टिशनचे साधनच ओळखता आलेले नाही. ड्रायव्हर किंवा गाठोडे गहाळ आहे. पहिला आकडा ८ असेल, तर साटा किंवा यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर काम करीत आहे, डिस्क सापडली आहे, पण तिच्यावरील फाईल प्रणाली कर्नलला वाचता आलेली नाही. दोन्ही प्रसंगी उपाय साधा आहे. जुन्या कर्नलवरून संगणक सुरू करावा, नको असलेले फार जुने कर्नल काढून जागा मोकळी करावी आणि गाठोडे नव्याने बांधून घ्यावे. डेबियन व उबुंटूमध्ये हे काम 'अपडेट-इनिट-रॅम-एफएस' ही आज्ञा करते, रेड हॅट परिवारात 'ड्रॅकट'.

दुसरे कारण नावांचे. त्याला मोठा इतिहास आहे. जुन्या आयडीई डिस्कना लिनक्समध्ये 'एचडीए', 'एचडीबी' अशी नावे असत, तर स्कझी व साटा डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी. २००६-०७ च्या सुमारास आयडीई डिस्कसाठीही नवी ड्रायव्हर व्यवस्था आली आणि मे २००७ मधील फेडोरा ७ सारख्या वितरणांत सर्वच डिस्क 'एसडी' झाल्या. डिस्क तीच, केबल तीच, नाव मात्र बदलले. कोणते पार्टिशन कोठे जोडायचे याची यादी 'एफएसटॅब' नावाच्या फाईलमध्ये असते. तिच्यात ज्यांनी जुनी नावे हाताने लिहिली होती, त्यांचे संगणक अडले. शिवाय नव्या व्यवस्थेत त्या काळी एका डिस्कवर १५ पार्टिशनांचीच मर्यादा होती, आयडीईत ती ६३ होती. तेव्हा जास्त पार्टिशने करणाऱ्यांची मागची पार्टिशने दिसेनाशी झाली. जुना आयडीई ड्रायव्हर कर्नलमधून अखेर २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आला.

तो बदल आता जुना झाला असला, तरी नावांचा भरवसा आजही धरता येत नाही. कर्नल डिस्क ओळखतो तो क्रम प्रत्येक वेळी सारखा असेलच असे नाही. दोन डिस्क असलेल्या संगणकात आजची 'एसडीए' उद्या 'एसडीबी' होऊ शकते. मागे लावलेला पेनड्राइव्ह काढायचा राहिला तरी गोंधळ होतो. म्हणून नावाऐवजी प्रत्येक फाईल प्रणालीला तयार होताना मिळालेला यूयूआयडी हा दीर्घ क्रमांक 'एफएसटॅब'मध्ये लिहिण्याची पद्धत रूढ झाली. माणूस गावाकडे कोणत्या नावाने ओळखला जातो यापेक्षा त्याचा आधार क्रमांक लिहावा, तसेच हे. यादीतील एखादी डिस्क सापडली नाही, तर आजची बहुतेक वितरणे दीड मिनिट वाट पाहतात आणि नंतर 'आपत्कालीन' स्थितीत जाऊन थांबतात. अनेकदा ही हरवलेली डिस्क म्हणजे कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी काढून नेलेली बाह्य डिस्क असते! बाह्य डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला, तर तिच्यावाचूनही संगणक सुरू होतो.

महाविद्यालयांच्या दृष्टीने तिसरे कारण विशेष महत्त्वाचे आहे. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवण्याची पद्धत प्रयोगशाळांतून सर्रास दिसते. विंडोजच्या डी ड्राइव्हवरील फाईल लिनक्समधून उघडण्यासाठी पूर्वी 'एनटीएफएस-३जी' हा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर वापरला जाई. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ या कर्नलमध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला 'एनटीएफएस-३' हा ड्रायव्हर समाविष्ट झाला, आणि पुढे काही वितरणांनी तो वापरात आणला. हा नवा ड्रायव्हर शिस्तीचा कडक आहे. पार्टिशनवर 'नीट बंद केलेले नाही' अशी खूण असेल, तर तो ते जोडण्यास नकार देतो. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'मुळे संगणक बंद केल्यावरही विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, तेव्हा हे पार्टिशनही अर्धवट स्थितीत राहते. परिणामी कर्नल बदलल्यावर डी ड्राइव्ह 'गेला' असे वाटते. त्यावर जबरदस्तीने जोडण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण तो वापरू नये. विंडोज सुरू करून डिस्कची तपासणी करावी, फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि मग विंडोज पूर्णपणे बंद करावे, एवढे पुरते.

जुनी यंत्रसामग्री हे आणखी एक कारण. स्वस्तात मिळालेल्या जुन्या सर्व्हरमध्ये रेड कार्ड असते. मे २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मधून अशा कित्येक जुन्या कार्डांचा आधार काढून घेण्यात आला. कार्यप्रणालीची मोठी आवृत्ती बदलण्यापूर्वी वगळलेल्या यंत्रांची यादी पाहिली नाही, तर कार्डामागच्या सर्व डिस्क एकाच वेळी अदृश्य होतात. डिस्क सुस्थितीत असल्या तरी हा धक्का मोठा असतो.

डिस्कच अखेरच्या घटका मोजत असेल तर :

काही वेळा अद्ययावतीकरण हे निमित्त ठरते. महिनोन्महिने न थांबलेला सर्व्हर नव्या कर्नलसाठी बंद करून सुरू केला जातो, आणि आतापर्यंत कशीबशी फिरणारी जुनी डिस्क थंड झाल्यावर पुन्हा फिरतच नाही. अद्ययावतीकरणात शेकडो फाईली लिहिल्या जातात. एरवी स्पर्श न झालेले खराब भागही तेव्हा उघडकीस येतात. काळाचा क्रम पाहून कर्नलवर आळ येतो, पण काकतालीय न्यायाचा हा प्रकार आहे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. 'स्मार्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदी 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने वाचता येतात. साटा डिस्कच्या बाबतीत चार ओळी मुख्यतः पाहाव्यात. ५ व्या क्रमांकाची ओळ बदली केलेल्या खराब भागांची संख्या सांगते, १९७ वी निवाड्याच्या प्रतीक्षेत असलेल्या भागांची आणि १९८ वी वाचताच न आलेल्या भागांची. १९९ वी ओळ वेगळी आहे. ती डिस्क व संगणक यांच्यामधील वहनात झालेल्या चुका मोजते, आणि ती वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. थोड्या रुपयांची केबल बदलून हजारो रुपयांची डिस्क वाचते. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे आढळले की, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असतो. मात्र त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या प्रमुख नोंदींत कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. तेव्हा स्मार्टचा अहवाल वाईट आला तर त्यावर विश्वास ठेवावा. चांगला आला तर निर्धास्त होऊ नये.

दोष खरोखरच कर्नलचा असतो तेव्हा :

वरील विवेचनावरून कर्नल सदैव निर्दोष असतो असा ग्रह होऊ नये. माहिती प्रत्यक्ष बिघडविणारे दोषही कर्नलमध्ये शिरले आहेत. ते विरळा असले, तरी त्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ४.१९ हा कर्नल आला आणि काही वापरकर्त्यांच्या एक्स्ट-४ फाईल प्रणाली बिघडू लागल्या. साहजिकच संशय एक्स्ट-४ वर गेला. डिसेंबरपर्यंत चाललेल्या शोधानंतर दोष मधल्या थरात, म्हणजे ब्लॉक थरात, सापडला. ड्रायव्हर व्यस्त असल्यामुळे परत आलेली विनंती पुन्हा रांगेत लावताना ती दुसऱ्या विनंतीत मिसळली जाऊ शकत होती, आणि मग माहिती चुकीची लिहिली जात होती. हा दोष सर्वांच्या संगणकांवर प्रकट होत नव्हता, त्यामुळे तो सापडण्यास वेळ लागला.

यापूर्वी २०१५ मध्ये उलट आळ आला होता. 'अल्गोलिया' या कंपनीच्या सर्व्हरवरील फाईलींचे काही भाग शून्यांनी भरू लागले. संशय सॅमसंगच्या एसएसडींवर होता. कंपनीने तसे जाहीरही केले. परंतु सॅमसंगच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासणीत दोष कर्नलमधील रेडच्या भागात निघाला. प्रथमदर्शनी जो आरोपी वाटतो तोच गुन्हेगार असतो असे नाही, हे दोन्ही प्रकरणांत दिसते. जगातील निष्णात मंडळींनाही जेथे आठवडे लागले, तेथे दहा मिनिटांत 'डिस्क गेली' असे निदान करणाऱ्या तंत्रज्ञाविषयी थोडी शंका बाळगणे गैर ठरणार नाही.

मार्च २०२१ मध्ये ५.१२ या कर्नलच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत स्वॅप फाईलसंबंधीचा दोष आढळला. मेमरी अपुरी पडल्यावर जी माहिती स्वॅप फाईलमध्ये जायची, ती फाईलच्या जागी न जाता डिस्कवरील भलत्याच ठिकाणी लिहिली जात होती. टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावालाच 'वापरू नका' असे शब्द जोडले. चाचणी आवृत्ती कामाच्या संगणकावर घालू नये, यासाठी याहून वेगळा पुरावा नको.

डिसेंबर २०२३ मधील प्रकरण मात्र स्थिर आवृत्तीचे होते, आणि डेबियन वापरणाऱ्या ग्रंथालयांशी त्याचा थेट संबंध पोहोचतो. डेबियन १२.३ साठी ६.१.६४ हा कर्नल निवडण्यात आला होता. त्यातील एक्स्ट-४ विषयीची एक सुधारणा नव्या कर्नलमधून घेतलेली होती. परंतु तिच्यासोबत ज्या दुसऱ्या बदलाची आवश्यकता होती तो मागेच राहिला होता. परिणामी विशिष्ट पद्धतीच्या लेखनात माहिती बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियनने ९ डिसेंबर रोजी १२.३ चे प्रकाशन थांबविले आणि दुसऱ्याच दिवशी ६.१.६६ हा दुरुस्त कर्नल असलेली १२.४ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. अवघ्या एका दिवसाचा हा खेळ होता. सुटीच्या दिवशी आपोआप अद्ययावत होणाऱ्या संगणकाला तो चुकविता आला नसता. आठवडाभर थांबणाऱ्याला कळलाही नसता.

या प्रकारच्या दोषांचे लक्षण निराळे असते. डिस्क दिसते, संगणकही चालतो. पण फाईली उघडताना त्रुटी येतात, किंवा फाईल प्रणाली आपणहून 'केवळ वाचन' स्थितीत जाते. असे दिसल्यास त्या कर्नलवर पुढे एकही काम करू नये. संगणक बंद करून जुन्या कर्नलवर यावे.

तपासणीचा क्रम :

पहिले काम पडद्याचे छायाचित्र घेण्याचे. मूळ फाईल प्रणाली जोडली जाण्यापूर्वीच संगणक थांबला असेल, तर ते संदेश डिस्कवर नोंदले जात नाहीत. संगणक बंद केला की पुरावा नष्ट होतो. भ्रमणध्वनीने घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र तंत्रज्ञाला दूरध्वनीवरील अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा अधिक सांगते.

त्यानंतर जुना कर्नल. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रबची यादी आणावी आणि 'प्रगत पर्याय' या अर्थाच्या ओळीतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर सर्व सुरळीत चालले, तर डिस्क सुस्थितीत आहे आणि दोष नव्या कर्नलमध्ये अथवा त्याच्या गाठोड्यात आहे, हे जवळजवळ सिद्ध होते. येथे सुटकेचा निःश्वास टाकून लगेच दुरुस्तीला लागू नये. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी.

डेबियन व उबुंटू यांमध्ये मूळ पार्टिशन न सापडल्यास संगणक 'इनिट-रॅम-एफएस' असे लिहिलेल्या एका साध्या आज्ञापटावर येऊन थांबतो. नवख्याला तो शेवट वाटतो, प्रत्यक्षात ती तपासणी चौकी आहे. तेथे 'बीएलकेआयडी' ही आज्ञा दिली असता दिसणाऱ्या पार्टिशनांची यादी त्यांच्या यूयूआयडींसह मिळते. पार्टिशन यादीत असेल आणि त्याचा क्रमांक संदेशातील क्रमांकाशी जुळत नसेल, तर प्रश्न नोंदीचा आहे. क्रमांकही जुळत असेल, तर डिस्क उशिरा जागी झाली असावी. 'एक्झिट' म्हणताच संगणक पुढे चालू लागतो. यादीच रिकामी असेल, तर ड्रायव्हर किंवा यंत्र.

जुन्या कर्नलवरही संगणक चालला नाही, तर पेनड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सवरून तपासणी करावी. डिस्क 'केवळ वाचन' पद्धतीने जोडावी. येथे एक बारकावा बहुतेक पुस्तकांत निसटतो. एक्स्ट-४ फाईल प्रणाली केवळ वाचनासाठी जोडली, तरी तिची रोजनिशी, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या लेखनाची नोंद, कर्नल पूर्ण करून टाकतो. अर्थात डिस्कवर लिहितोच. ते टाळावयाचे असल्यास 'नोलोड' हा पर्यायही द्यावा लागतो. स्मार्टच्या नोंदी वाईट असतील, तर 'डीडीरेस्क्यू' या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. हे साधन चांगले भाग आधी उचलते, खराब भागांकडे नंतर वळते आणि कोठपर्यंत आले याची नोंद ठेवते. वीज गेली तरी पुढे तेथूनच सुरू करता येते.

'एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा सर्वांत शेवटी. जोडलेल्या फाईल प्रणालीवर ती कदापि चालवू नये. प्रथम 'काहीही न बदलता तपास' या पर्यायासह चालवून त्रुटी किती आहेत ते पाहावे. 'सर्व प्रश्नांना होय' हा पर्याय सोयीचा वाटतो. पण बिघडत्या डिस्कवर तो दिल्यास अनाथ झालेल्या फाईली 'लॉस्ट अँड फाउंड' या निर्देशिकेत केवळ क्रमांकांच्या नावाने जाऊन पडतात. दहा हजार क्रमांकांतून तृतीय वर्षाच्या गुणपत्रकाची फाईल शोधणे म्हणजे काय, हे परीक्षा विभागातील व्यक्तीच सांगू शकेल.

अद्ययावतीकरणापूर्वीची तयारी :

कोहाच्या डेबियनवरील मांडणीत माहितीसंचाची प्रत रोज आपोआप घेतली जाते. ही सोय उत्तम आहे. तथापि ती प्रत त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर ठेवली जाते आणि थोड्याच दिवसांच्या प्रती शिल्लक राहतात. बॅकअप आहे असे समजून निश्चिंत असलेल्या ग्रंथालयाने ती प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जाते की नाही हे पाहावे, आणि वर्षातून एकदा तरी ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते.

कर्नल अद्ययावत करण्याचा दिवस प्रवेशप्रक्रिया किंवा गुणनोंदणी यांच्या काळात नसावा. 'बूट'मधील मोकळी जागा पाहावी, यूपीएस चार्ज आहे याची खात्री करावी, आणि 'एफएसटॅब' व पार्टिशनांची यादी कागदावर छापून संगणकाजवळच्या नोंदवहीत चिकटवावी. संगणकच सुरू होत नसताना संगणकातील टिपणाचा उपयोग होत नाही. कोणत्या तारखेला कोणता कर्नल आला, याची एक ओळ त्याच नोंदवहीत असावी. ज्या कर्मचाऱ्यांना हे विषय नवे आहेत, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

नव्या कर्नलने त्रास दिल्यास तो काही काळ रोखून धरता येतो. डेबियन व उबुंटूमध्ये त्यासाठी 'एपीटी-मार्क होल्ड' ही आज्ञा आहे. रोखल्याची तारीख मात्र नोंदवहीत लिहावी आणि दुरुस्त आवृत्ती येताच रोख उठवावी. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाचा दोष जाहीर झाला. साधा वापरकर्ताही त्याच्या आधारे संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. तो ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होता आणि ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त करण्यात आला. डिस्कच्या भीतीने त्याआधीच्या आवृत्तीवर कर्नल रोखून ठेवलेल्या संगणकांपर्यंत ही दुरुस्ती रोख उठविल्याशिवाय पोहोचू शकत नव्हती.